निवडुंग रंगवणारा कार्व्हर

वीणा गवाणकरांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाच्या घरचाच झाला. भुईमुगापासून शेकडो वस्तू काढणारा हा कृषिशास्त्रज्ञ आधी चित्रकलेचा विद्यार्थी होता, हे मात्र आपण विसरतो. मी कलाशाखेचा, म्हणून मला तेच अधिक आठवते.

१८६४ च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी राज्यात एका गुलाम आईच्या पोटी तो जन्मला. तान्हेपणी लुटारूंनी दोघांना पळवले. पोर परत मिळाले, आई मिळाली नाही. शेजाऱ्यांची मरगळलेली रोपे बरी करता करता हा पोरगा झाडांचा डॉक्टर ठरला. पुढे एका कॉलेजने प्रवेश दिला आणि तो दाराशी येताच कातडीचा रंग पाहून नाकारला. १८८६ साली कॅन्ससच्या कोरड्या माळावर मातीच्या ढेपांच्या घरात तो राहिला. १७ एकर स्वतःच्या हातांनी नांगरली, आणि तिथेही झाडाझुडपांचा छोटा संग्रह सांभाळला.

अशा संग्रहाला काय लागते, याची थोडी कल्पना मला आहे. धुळ्याच्या मामांनी दिलेली निवडुंगाची कुंडी माझ्या जळगावच्या खिडकीत आहे. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी ती तग धरते. तिचा वैरी ऊन नव्हे, पाणी! वाळू मिसळलेली माती, कुंडीच्या तळाला भोक, आणि माती पुरती वाळल्यावरच पाणी. खोड हेच तिचे कोठार. काही करायचे नसते, नुसते बघायचे असते. कार्व्हरने तसे बघितले असणार.

१८९० साली सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. कृष्णवर्णीयाचे पोट चित्रांवर भरणार नाही, या काळजीने त्याच्या शिक्षिका एटा बड यांनी त्याला शेतकी कॉलेजकडे वळवले. सल्ला मायेचाच होता, तरी मला तो खटकतो. हात कमी पडला म्हणून तर त्याने चित्रकला सोडली नव्हती! १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याच्या युका आणि निवडुंगाच्या चित्राचा सन्मानाने उल्लेख झाला.

१८९६ पासून टस्कीगीच्या संस्थेत राहून त्याने कापसाने निकस झालेल्या जमिनीत चवळी, भुईमूग लावायला शेतकऱ्यांना शिकवले. या पिकांच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. कपाशीच्या आपल्या खानदेशात हे वेगळे सांगायला नको. कुंचला मात्र सुटला नाही. अलाबामाच्या मातीपासून तो रंग करी.

५ जानेवारी १९४३ रोजी तो वारला. १९४७ साली टस्कीगीच्या संग्रहालयाला आग लागली आणि त्याची बहुतेक चित्रे जळाली. युका आणि निवडुंगाचे ते चित्र वाचले.