इंदूरचे बेंद्रे

बेंद्रे म्हटले की आपल्याकडची तरुण मंडळी धारवाडच्या कवींचे नाव घेतात. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे आपल्या इंदूरचे, हे सांगावे लागते, आणि आम्हाला ते खटकते. जन्म २१ ऑगस्ट १९१०, इथलाच. देवळालीकर मास्तरांकडे ते चित्रकला शिकले. रंगपेटी घेऊन उघड्यावर बसायची सवय तेव्हापासूनची. पुढे मुंबईची पदविका झाली.

१९३६ च्या सुमारास ते काश्मीरला गेले. तिथल्या सरकारच्या पर्यटन खात्यासाठी चित्रे काढायची नोकरी होती. आम्ही स्वतः सरकारी नोकर. खात्याला जागा कशी दाखवलेली हवी असते ते आम्हाला ठाऊक आहे: स्वच्छ आणि सर्वांना आवडेल अशी. बेंद्रे मात्र जिथे जात तिथे आधी उजेड बघत. काश्मीर असो की बनारसचे घाट, पायऱ्या मोजून दाखवण्यात त्यांना रस नव्हता. दोन-चार जाड फटकाऱ्यांत घाट उभा राही, माणसे रंगाचे ठिपके होत. दौऱ्यावरून आम्ही फक्त टी. ए. बिल आणतो, त्यामुळे आम्हाला याचे फारच अप्रूप.

१९४५ मध्ये शांतिनिकेतन, १९४७-४८ मध्ये अमेरिका. न्यूयॉर्कला प्रदर्शन भरवून ते परतले आणि चित्रांची घडणच बदलली. आकार मोडून पुन्हा जोडलेले दिसू लागले. यांची एक अशी शैली नाही, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती आम्हाला पटत नाही. नवी जागा पाहूनही ज्याचा हात तसाच चालतो, त्याने ती जागा पाहिली तरी का म्हणावे?

१९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी शिकवले. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख ही त्यांच्या शिष्यांतली मोठी नावे, आणि दोघांची चित्रे गुरूसारखी मुळीच नाहीत! १९६६ मध्ये डीनपद सोडून ते मुंबईस गेले. तिथे बारीक ठिपक्यांची चित्रे झाली: घागरी, गुरे, कामावरच्या बायका. गावाचे नाव कुठेच नाही. त्यातल्या तांबूस उन्हात आम्हाला माळवा दिसतो.

१९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले. बडोद्याचे आमचे व्याही म्हणतात, बेंद्रे बडोद्याचे. गणपतीला ते इकडे आले की हा वाद आरतीनंतर पुन्हा निघतो.