भाग्यवान नावाची दासी : संत जोसेफिन बखिता



दरवर्षी ८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता यांचा सण साजरा करते. मुंबईतल्या कनोसा शाळांमुळे ज्या कनोशियन सिस्टर्स आपल्या परिचयाच्या आहेत, त्याच संघाच्या ह्या सिस्टर. समाधानी राहा, असा उपदेश आपण पुष्कळदा ऐकतो आणि दुसऱ्यालाही करतो. पण ज्याच्या वाट्याला लहानपणापासून दुःखच आले, त्याने समाधानी कसे राहावे? ह्या प्रश्नाचे उत्तर बखिता यांच्या जीवनात सापडते, म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बखिता यांचा जन्म १८६९ च्या सुमारास सुदानमधील दार्फुर प्रांतात झाला. आईवडील आणि भावंडांनी भरलेल्या घरात बालपण आनंदात चालले होते. ती सात-आठ वर्षांची असताना गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी तिला शेतातून पळवून नेले. त्या धक्क्याने ती स्वतःचे नावही विसरून गेली. पळवणाऱ्यांनीच तिला नवे नाव दिले : बखिता. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान! साखळदंडात अडकलेल्या पोरीला भाग्यवान म्हणण्यासारखी दुसरी थट्टा कोणती?

पुढे ती बाजारात पुन्हा पुन्हा विकली गेली. एकदा एका मुलीबरोबर पळाली, पण पुन्हा पकडली गेली. एका मालकाच्या मुलाने तिला इतके मारले की महिनाभराहून अधिक काळ ती अंथरुणातून हलू शकली नाही. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तर गुलामांवर खूण म्हणून तिच्या अंगावर शंभराहून अधिक वार करून जखमांत मीठ भरले गेले. ते व्रण मरेपर्यंत तिच्या अंगावर होते.

१८८३ साली खार्टुम शहरात कालिस्तो लेन्यानी ह्या इटालियन अधिकाऱ्याने तिला विकत घेतले. ह्या घरात प्रथमच तिला चाबूक खावा लागला नाही. सुदानात युद्ध पेटले तेव्हा लेन्यानी मायदेशी निघाले. बखिताने आग्रह केला म्हणून त्यांनी तिलाही बरोबर नेले. १८८५ साली ती इटलीला पोहोचली. तेथे तिला मिकिएली नावाच्या कुटुंबाकडे देण्यात आले आणि ती त्यांच्या मिमीना ह्या लहान मुलीची दाई झाली. त्या कुटुंबाच्या कारभाऱ्याने तिला चांदीचा एक छोटा क्रूस दिला. क्रूसावरचा तो मनुष्य कोण, हे तिला माहीत नव्हते. तरी तो क्रूस तिने जिवापाड जपला.

१८८८ साली मिकिएली कुटुंब व्यवसायासाठी सुदानच्या किनाऱ्यावर गेले आणि मिमीना व बखिता व्हेनिस येथील कनोशियन सिस्टर्सच्या मठात राहिल्या. तेथे बखिताला धर्मशिक्षण मिळाले. लहानपणी सूर्य, चंद्र, तारे पाहून ह्या सर्वांचा धनी कोण असेल, असे तिला वाटत असे. त्या धन्याची ओळख तिला आता झाली. त्यानेही चाबकाचे फटके खाल्ले होते, त्याच्याही अंगावर व्रण होते, आणि त्याचे तिच्यावर प्रेम होते.

वर्षभराने मालकीण तिला परत न्यायला आली, तेव्हा बखिताने ठामपणे नकार दिला. मिमीनावर तिची माया होती, त्यामुळे ताटातूट सोपी नव्हती. पण ज्या धन्याची आत्ता कुठे ओळख झाली होती, त्याला सोडून जायला ती तयार नव्हती. प्रकरण कोर्टात गेले. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्यच नव्हती. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी ती स्वतंत्र असल्याचा निकाल लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला आणि तिला जोसेफिन हे नाव मिळाले. ज्या स्नानकुंडापाशी ती देवाची लेक झाली, त्याचे चुंबन घेताना ती पुढे कित्येकदा दिसत असे.

८ डिसेंबर १८९६ रोजी तिने व्रते घेतली. १९०२ साली सिस्टर जोसेफिन स्कियो ह्या छोट्या शहरातील मठात आल्या आणि मधली काही वर्षे सोडता अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. स्वयंपाक करणे, भरतकाम करणे, सॅक्रिस्टी सांभाळणे, दार उघडणे ही त्यांची कामे. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून त्या मायेने हात फिरवत. तेथील बोलीत धन्याला जो शब्द आहे, त्याच शब्दाने त्या देवाचा उल्लेख करीत. मालकांनी ज्यांचे अंग फोडले होते, त्यांना धनी हा शब्द गोड वाटावा, हीच श्रद्धेची करणी. ज्यांनी आपल्याला पळवले, त्यांच्याविषयीही त्यांनी मनात राग ठेवला नाही. ते भेटले तर त्यांच्या हातांचे चुंबन घेईन, असे त्या म्हणत, कारण त्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती.

म्हातारपणी त्या आजारी पडल्या, चाकांच्या खुर्चीत बसल्या. अखेरच्या दुखण्यात गुलामगिरीचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले आणि साखळ्या सैल करा, अशी विनवणी त्या सेवा करणाऱ्या सिस्टरला करू लागल्या. अखेर पवित्र मरियेचे नाव घेत ८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी प्राण सोडला. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

बंधू-भगिनींनो, ह्या जीवनातून आपण दोन गोष्टी शिकू या. पहिली ही की, ख्रिस्ती समाधान म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. बखिता मालकिणीला नाही म्हणाल्या आणि धर्मभगिनी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. घरात मार खाणाऱ्या बहिणीला, मजुरी बुडालेल्या कामगाराला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवण्यापूर्वी आपण हे आठवू या. दुसरी ही की, श्रद्धेमुळे जुन्या जखमांच्या आठवणी पुसल्या जातातच असे नाही. संताच्याही त्या पुसल्या गेल्या नाहीत. पण आपण कोणाचे आहोत हे एकदा उमगले की, त्या आठवणींसह आनंदाने जगता येते.

बखिता यांचा सण २०१५ सालापासून मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी जपमाळेचे एक दशक आपण अशा पीडितांसाठी म्हणू या. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, मुलींना आपण कसे वागवतो, हेही प्रभूसमोर तपासून पाहू या.

संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर.