ज्यूदोचे जनक आचार्य जिगोरो कानो

बलवानाने दुर्बळाचा हात पिरगाळला, यात नवल ते काय? परंतु पिरगाळलेला हात नेमक्या क्षणी सोडावा कसा, हे ज्याने पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना शिकविले, असा पुरुष विरळाच म्हणावा लागेल. ज्यूदो या जपानी मल्लविद्येचे जनक आचार्य जिगोरो कानो हे असे पुरुष होत. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरची मुले, आणि आता मुलीही, ज्यूदोच्या वर्गास जाऊ लागल्या आहेत. अशा विद्येने मूल दांडगट तर होणार नाही ना, अशी शंका पालक आम्हांस बोलून दाखवितात. तिचे उत्तर कानो यांच्या चरित्रात सापडते, म्हणून ते चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

कानो यांचा जन्म १८६० साली, आज कोबे शहरात मोडणाऱ्या मिकागे या गावी झाला. घराणे सधन, साके या तांदळाच्या मद्याचा व्यापार त्यांच्या घरी चाले. नऊ-दहा वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले आणि वडिलांबरोबर ते टोकियोस आले. मुलगा बुद्धीने कुशाग्र, इंग्रजीत विशेष तरबेज. परंतु अंगाने अगदी लहानखुरा. वसतिगृहातील थोराड मुले त्यास छळू लागली. अभ्यासात पहिला येणारा मुलगा पटांगणात मात्र रोज मार खाई. दुबळ्या शरीराचा माणूसही ज्या विद्येच्या जोरावर सबळास नमवू शकतो, अशी एक विद्या आहे असे त्याच्या कानी आले होते. तिचे नाव जुजुत्सु.

परंतु काळ फिरला होता. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर जपानने पाश्चात्त्य वळण उचलले आणि १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवारही कायद्याने गेली. जुन्या युद्धकलांस कोणी विचारीना. जुजुत्सुचे कित्येक उस्ताद मोडलेली हाडे बसवून पोट भरीत. तेव्हा कानो यांनी हाडवैद्यांच्या पाट्या पाहत गुरूचा शोध चालविला आणि १८७७ मध्ये, विद्यापीठात शिकत असताना, फुकुदा हाचिनोसुके यांचे शिष्यत्व पत्करले. गुरुजींची रीत जुन्या वळणाची. एखादा डाव कसा लागतो असे शिष्याने विचारले, की समजावून न सांगता त्यास ते पुनःपुन्हा आपटीत. अंगावर सदैव मलमाच्या पट्ट्या असत. पण कानो मागे हटले नाहीत.

तेथे फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गुरुबंधू होता. तो काही केल्या हार जाईना. कानो यांनी ग्रंथालय गाठले, सुमो आणि पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि त्यांतून प्रतिपक्ष्यास खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा एक डाव उचलला. आपल्या आखाड्यांतील कलाजंगाशी त्याचे निकटचे नाते आहे. या डावाने तो धिप्पाड गडी अखेर भुईस लागला. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मार खाणारा हा मुलगा सूडाने नव्हे, तर अभ्यासाने जिंकला.

फुकुदा १८७९ मध्ये निवर्तले. त्यानंतरचे गुरू इसो मासातोमो हेही १८८१ मध्ये गेले. त्या दोघांच्या परंपरेत पकडी, गळा आवळण्याचे आणि सांधे अडकविण्याचे डाव यांवर भर असे. तिसरे गुरू इइकुबो यांच्या परंपरेत फेकीच्या डावांचे प्राबल्य होते. या दोन्ही विद्यांचे मंथन करता करता कानो यांस एक मर्म गवसले. प्रतिपक्ष्याचा तोल आधी ढळवावा, मग डाव करावा. म्हणजे अल्प बळात मोठे कार्य साधते. या मर्माच्या आधारे ते आपल्या गुरूंसही फेकू लागले, आणि उदार मनाच्या गुरूंनी आता शिकविण्यासारखे उरले नाही असे मान्य करून परंपरेचे सर्वाधिकार शिष्यास दिले.

१८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कानो यांनी आपली शाळा उघडली. तिचे नाव कोदोकान, म्हणजे मार्ग शिकण्याचे स्थान. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. आपटाआपटीने मंदिराची जमीन हादरे, वेदीवरील स्मृतिफलक कोसळत, आणि मग स्वतः आचार्य दिवा घेऊन जमिनीखाली शिरत व तुळया दुरुस्त करीत. आपल्या विद्येचे नावही त्यांनी बदलले. ‘जुत्सु’ म्हणजे निव्वळ कसब. त्याच्या जागी ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द योजून त्यांनी ज्यूदो हे नाव रूढ केले.

आता या विद्येतील पकडींविषयी. जमिनीवरील डावांचे तीन वर्ग आहेत : प्रतिपक्ष्यास पाठीवर दाबून धरणे, त्याच्या अंगरख्याच्या गळपट्टीने अथवा आपल्या बाहूने गळा आवळणे, आणि सांधा उलट दिशेस ताणणे. पहिल्यात माणूस नुसता जखडला जातो. दुसऱ्यात थोडक्या क्षणांत शुद्ध हरपू शकते, तर तिसऱ्यात हाड निखळू शकते. प्राचीन युद्धात हेच अभिप्रेत होते. कानो यांनी या पकडी टाकल्या नाहीत; त्यांस मर्यादा घातली. अतिधोक्याचे डाव व प्रहार ठरीव पाठांत जतन करून ठेवले, आणि खुल्या लढतीत त्यांस मज्जाव केला. पुढे नियम अधिकाधिक कडक होत जाऊन, सांधा ताणण्याची मुभा केवळ कोपरापुरती उरली.

आणि या सर्वांवर एक नियम. जखडलेल्या गड्याने तळहाताने दोनदा थाप मारली की पकड तत्काळ सुटली पाहिजे. थाप जमिनीवर असो वा प्रतिपक्ष्याच्या अंगावर; हात अडकले असल्यास पायाची थापही चालते. थाप मारणाऱ्यास लाज नाही, आणि थाप ऐकून न सोडणाऱ्यास क्षमा नाही. एकाने विश्वासाने आपला गळा दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि दुसऱ्याने तो विश्वास राखावा, एवढ्यावर ही सारी विद्या उभी आहे. म्हणूनच लढतीपूर्वी व लढतीनंतर दोघेही परस्परांस वाकून वंदन करतात.

हे लिहिताना आम्हांस आमचीच सेवेची वर्षे आठवतात. आम्ही वर्गात छडी वापरली आहे. मूल हात मागे घेई, डोळे भरून येत. तीही एक थापच होती. ती आम्ही नेहमी ऐकली असे म्हणण्याचे धैर्य आज आमच्यापाशी नाही. मल्लविद्येच्या आचार्याने जो विवेक मल्लांस शिकविला, तो आम्हां शिक्षकांस अनेकदा साधला नाही, ही खंत येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

कानो हे मुळात शिक्षकच होते. १८९३ ते १९२० या काळात, मधले खंड सोडल्यास, टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते प्राचार्य होते. चिनी विद्यार्थ्यांसाठीही त्यांनी विद्यालय चालविले. पुढे थोर लेखक म्हणून गाजलेले लू शुन तेथेच शिकले. १९२६ मध्ये कोदोकानात स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग निघाला. शक्तीचा उत्तमोत्तम विनियोग, आणि आपला व इतरांचा एकत्र उत्कर्ष, ही दोन तत्त्वे त्यांनी ज्यूदोचे सार म्हणून मांडली. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या आमंत्रणावरून कोदोकानचे ताकागाकी शांतिनिकेतनात ज्यूदो शिकविण्यास आले.

१९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९४० चे सामने टोकियोस भरावेत म्हणून त्यांनी उतारवयात जग पालथे घातले, आणि १९३६ मध्ये तो मान टोकियोस मिळाला. परंतु पुढच्याच वर्षी जपानने चीनशी युद्ध मांडले. कैरो येथील बैठक आटोपून परतताना, ४ मे १९३८ रोजी, हिकावा मारू या बोटीवर न्यूमोनियाने आचार्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी जुलैत जपानने सामन्यांचा मान परत केला. बळास आवर घालावयास शिकविणाऱ्याचा देशच बळाच्या मागे बेभान धावला, याहून मोठी शोकांतिका ती कोणती?

तथापि शिकवण वाया गेली नाही. १९६४ मध्ये टोकियोस ऑलिंपिक भरले आणि ज्यूदोचा त्यात प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या आंतोन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागा यांस चटईवर दाबून धरले आणि पकड सुटू दिली नाही. अवघे सभागृह सुन्न झाले. हर्षभरित डच पाठीराखे चटईकडे धावले. तेव्हा गेसिंक यांनी हात उंचावून त्यांस थोपविले. आधी हरलेल्या प्रतिपक्ष्यास वंदन, मग आनंद. आचार्यांचा खरा विजय त्या दिवशी एका परक्या शिष्याने साजरा केला, असे आम्ही समजतो.

तेव्हा ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी आपली मुले-मुली या वर्गास निःशंक धाडावीत. मात्र संध्याकाळी मूल घरी आले की आज किती जणांस पाडलेस, एवढेच विचारू नये. आज कोणाची थाप ऐकून हात सोडलास, हेही अवश्य विचारावे.