शंकर नाग : लोकप्रिय कथेतील नायकाची दोन रूपे

संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत असे चार प्रकार कल्पिले. या चारही प्रकारांत धीरत्व गृहीत धरलेले आहे. ज्याला पराक्रमाची हौस नाही, ज्याच्या धैर्याविषयी त्याची स्वतःचीच खात्री नाही, परंतु प्रसंगाने ज्याला पुढे ढकलले आहे, अशा माणसाला या वर्गीकरणात स्थान नाही. ते स्थान त्याला आधुनिक काळातील कथेने दिले. मराठीत एकीकडे हरिभाऊ आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील ध्येयनिष्ठ वीर व बाबुराव अर्णाळकरांचा झुंजार, तर दुसरीकडे चिं. वि. जोशी यांचा भाबडा चिमणराव, ही दोन टोके वाचकांच्या परिचयाची आहेत. पहिल्या प्रकारास आदर्श नायक व दुसऱ्यास अनिच्छुक नायक म्हणता येईल. सामान्यतः एखादा लेखक वा नट यांपैकी एकाच परंपरेत रमतो. कन्नड रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरलेल्या शंकर नाग यांच्या जेमतेम बारा वर्षांच्या कारकिर्दीत मात्र ही दोन्ही रूपे एकाच वेळी नांदली. म्हणूनच त्यांचे चरित्र हे केवळ एका नटाचे चरित्र न राहता लोकप्रिय कथेच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावे असे झाले आहे.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नावर परिसरात झाला. घराण्याचे आडनाव नागरकट्टे. घरची भाषा कोंकणी आणि भोवतालची कन्नड. थोरले बंधू अनंत नाग यांनी मुंबईच्या रंगभूमीवरून श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटात प्रवेश केला होता. शंकरही शिक्षणानंतर मुंबईस आले आणि तेथील मराठी रंगभूमीच्या वर्तुळात ओढले गेले. पुढे त्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या अरुंधती यांची भेटही नाटकाच्या तालमींतच झाली. मुंबईची मराठी रंगभूमी तेव्हा भरात होती. विजय तेंडुलकर, महेश एलकुंचवार, जयवंत दळवी यांच्या नाटकांनी मध्यमवर्गीय नायकाचे उसने तेज उतरवून ठेवले होते आणि त्याच्या मनातील भय, लाचारी व दुटप्पीपणा रंगमंचावर आणला होता. शंकर नाग यांच्या घडणीत या वातावरणाचा वाटा मोठा आहे. नचिकेत व जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेला अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी केलेला हल्ला हा त्या चित्रपटाचा विषय. पोवाड्यांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ज्यांच्याभोवती तेजोवलय निर्माण केले, त्या तरुणांना या चित्रपटाने त्यांच्या घरात, त्यांच्या गल्लीत आणि त्यांच्या काळाच्या मर्यादांत पाहिले.

१९७८ साली गिरीश कर्नाड यांनी ‘ओंदानोंदु कालदल्ली’ या चित्रपटातील गंडुगलीच्या भूमिकेसाठी या तरुण नटाची निवड केली. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांच्या सामुराई-चित्रपटांची छाया या कृतीवर आहे. कथा मध्ययुगीन कर्नाटकातील दोन भाऊबंद सरदारांच्या वैराची. गंडुगली हा पगारी योद्धा. त्याला ना राज्य मिळवायचे आहे, ना धर्म राखायचा आहे. जो पोसेल त्याच्यासाठी तलवार चालवायची, एवढाच त्याचा व्यवहार. कर्तव्याची जाणीव त्याच्या ठायी हळूहळू आणि जवळजवळ त्याच्या इच्छेविरुद्ध उगवते. १९७९ मध्ये दिल्लीस भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी शंकर नाग यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. म्हणजे पडद्यावरील त्यांचा पहिलाच नायक अनिच्छुक होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यानंतर जे घडले ते मात्र वेगळ्या दिशेचे होते. १९७९ चा ‘सीतारामु’ आणि १९८० चा ‘ऑटो राजा’ यांनी त्यांना कर्नाटकाच्या गावोगावी पोहोचवले. हाणामारीच्या प्रसंगांतील चपळाईमुळे प्रेक्षकांनी त्यांना कराटे किंग हे बिरूद बहाल केले. बारा वर्षांत ऐंशीहून अधिक चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या, आणि त्यांतील बहुसंख्य भूमिका अन्यायाचा हिशेब एकट्याने चुकता करणाऱ्या निष्कलंक तरुणाच्या होत्या. १९८८ च्या ‘सांग्लियाना’ या चित्रपटात तर तत्कालीन कर्नाटकातील एका नामांकित पोलीस अधिकाऱ्याचे नावच नायकास देण्यात आले.

या चित्रपटांची उपेक्षा करण्याची समीक्षकांची प्रवृत्ती असते, आणि कलामूल्यांच्या दृष्टीने तिला आधारही आहे. तथापि ‘ऑटो राजा’चे यश केवळ मारामारीने उलगडत नाही. जुन्या आदर्श नायकास कुलाचा, राज्याचा वा विद्येचा आधार असे. येथे तीन चाकांची रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस कथेच्या मध्यभागी आला, आणि राजा हे पद त्याच्या व्यवसायाला जोडले गेले. ज्या वर्गाकडे शहर उर्मटपणाचा व लबाडीचा संशय घेऊन पाहते, त्या वर्गाला आपल्या कामाचा अभिमान बाळगण्यास एक कारण मिळाले. आदर्शीकरणाचे कार्य अशा वेळी स्वप्नरंजनाच्या थोडे पलीकडे जाते. ते प्रेक्षकाला प्रतिष्ठा देते. मात्र या प्रतिष्ठेची एक किंमत असते. असा नायक प्रेक्षकाच्या वतीने लढतो, आणि म्हणून प्रेक्षकाला स्वतः काही करावे लागत नाही.

ही किंमत शंकर नाग यांना जाणवत असावी, असे त्यांच्या रंगभूमीवरील कार्यावरून दिसते. चित्रपटांत भरपूर मागणी असतानाच त्यांनी व अरुंधती नाग यांनी सहकाऱ्यांसह बंगळुरात ‘संकेत’ ही नाट्यसंस्था चालवली. या संस्थेने कर्नाडांच्या ‘अंजु मल्लिगे’ व ‘नागमंडल’ या नाटकांप्रमाणेच जयवंत दळवी यांची ‘संध्याछाया’ आणि ‘बॅरिस्टर’ ही मराठी नाटके कन्नडमध्ये आणली. ही निवड बोलकी आहे. ‘संध्याछाया’त मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले एकाकी वृद्ध जोडपे आहे, तेथे पराक्रमाला वावच नाही. ‘बॅरिस्टर’चा नायक विलायतेत शिकलेला, सुधारक विचारांचा, तरुण विधवेच्या केशवपनास तो ठाम विरोध करतो. परंतु तीच स्त्री त्याच्यावर विश्वासून आयुष्य जोडावयास पुढे येते, तेव्हा त्याचे पाऊल अडते. आदर्श नायकाचे सारे गुण अंगी असलेला माणूस निर्णायक क्षणी कसा कच खातो, याचे इतके निर्दय चित्रण मराठी नाटकात क्वचितच आढळते. पडद्यावर कधीही न कचरणाऱ्या नटाच्या संस्थेने हे नाटक कन्नड प्रेक्षकांपुढे ठेवावे, यात त्यांच्या कलाविषयक दृष्टीची साक्ष मिळते.

दिग्दर्शक म्हणूनही हीच दृष्टी प्रकट होते. ‘मिंचिन ओट’ (१९८०) या त्यांच्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटाचे नायक मोटारी चोरणारे भुरटे चोर आहेत. कर्नाटक राज्याचे अनेक पुरस्कार त्यास लाभले. ‘ॲक्सिडेंट’ (१९८५) मध्ये नशेत मोटार चालवणारा पुढाऱ्याचा मुलगा पदपथावर झोपलेल्या गोरगरिबांना चिरडतो. गीतांना पूर्ण फाटा दिलेल्या या चित्रपटात पत्रकाराची भूमिका स्वतः शंकर नाग यांनी केली. पत्रकार सत्यापर्यंत पोहोचतो, पण सत्ता ते सत्य दडपून टाकते. एका गुद्द्याने न्याय मिळवून देणारा कराटे किंग येथे जाणूनबुजून हतबल ठेवला आहे. सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या कृतीस मिळाला.

याहून धाडसाचा प्रयोग म्हणजे ‘ओंदु मुत्तिन कथे’ (१९८७). अमेरिकन कादंबरीकार स्टाइनबेक यांच्या ‘द पर्ल’ या लघुकादंबरीवर तो आधारलेला होता, आणि नायकाच्या भूमिकेत साक्षात राजकुमार होते. ‘बंगारद मनुष्य’ (१९७२) सारख्या चित्रपटांमुळे राजकुमार हे कन्नड जनमानसात आदर्श पुरुषाचे मूर्तरूप ठरले होते. त्यांना मोत्याच्या लाभाने उद्ध्वस्त होणारा गरीब पाणबुड्या करणे म्हणजे प्रेक्षकांच्या श्रद्धेलाच हात घालणे होते. राजकुमारांच्या नेहमीच्या यशस्वी चित्रपटांच्या पंक्तीत हा चित्रपट बसला नाही. ज्या प्रतिमेवर लोकांनी प्रेम केले तिच्याबाहेर नटाला पाऊल टाकू देण्यास प्रेक्षक सहसा राजी नसतो, हा धडा त्यातून मिळतो.

जे पडद्यावर साधले नाही ते दूरदर्शनवर साधले. १९८६ पासून प्रक्षेपित झालेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका टी. एस. नरसिंहन यांची निर्मिती. तिचे एकोणचाळीस भाग शंकर नाग यांनी दिग्दर्शित केले. शिवमोग्गा जिल्ह्यातील आगुंबे या पावसाळी गावात आर. के. नारायण यांचे काल्पनिक मालगुडी उभे राहिले. नारायण यांच्या वाङ्मयाला यापूर्वी एकदा हिंदी चित्रपटाचा अनुभव आला होता. ‘द गाइड’ (१९५८) या कादंबरीतील राजू हा भारतीय इंग्रजी कथेतील अनिच्छुक नायकाचा ठळक नमुना आहे. लोकांच्या गैरसमजातून तो साधू ठरतो, आणि त्यांच्या श्रद्धेपोटी त्याला उपोषण करावे लागते. त्याच्या उपोषणाने पाऊस पडला की नाही, हे कादंबरी संदिग्ध ठेवते. १९६५ च्या चित्रपटाने मात्र पाऊस पाडला आणि राजूचा महात्मा केला. नारायण यांनी या रूपांतराविषयी आपली नाराजी लिहून व्यक्त केली होती. अनिच्छुक नायकाला आदर्श नायकाच्या साच्यात बसवल्यास त्याचा प्राणच कसा हरपतो, हे या प्रकरणात स्पष्ट होते.

शंकर नाग यांनी तो मोह टाळला. या मालिकेतील ‘अ हीरो’ ही कथा तर प्रस्तुत विषयाचे जणू उदाहरणच आहे. वाघाशी झुंजलेल्या एका मुलाची बातमी वडील वर्तमानपत्रात वाचतात आणि धैर्याची परीक्षा म्हणून स्वामीला एकट्याने कचेरीच्या खोलीत झोपावयास लावतात. भीतीने गारठलेला स्वामी अंधारात हलणाऱ्या आकृतीचा कडकडून चावा घेतो. ती आकृती चोराची निघते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत व पोलिसांत त्याचा गौरव होतो. रात्री मात्र स्वामी पुन्हा आजीच्या कुशीत जाऊन झोपतो. वर्तमानपत्रातला वीर आणि घरातले भेदरलेले पोर यांतील अंतर नारायण यांनी हसतमुखाने दाखवले आहे. दिग्दर्शकानेही बालनट मंजुनाथच्या चेहऱ्यावरील भय पुसून टाकले नाही. याच मालिकेत अनंत नाग यांनी साकारलेला मिठाईवाला जगन हाही गांधीवादी तत्त्वांचा अभिमान बाळगणारा, परंतु स्वतःच्या मुलापुढे हरलेला बाप आहे. भाषेच्या सीमा ओलांडून भारतभरच्या घरांतून या माणसांना आपलेपणाने स्वीकारले गेले. अनिच्छुक नायक लोकप्रिय होऊ शकत नाही, हा समज त्यामुळे निराधार ठरला.

३० सप्टेंबर १९९० रोजी पहाटे, ‘जोकुमारस्वामी’ या चित्रपटाच्या कामासाठी लोकापूरकडे जात असताना, दावणगेरेजवळ आनगोडु येथे झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. सोबत असलेल्या पत्नी व कन्या बचावल्या. बंगळुरात त्यांनी सुरू केलेला संकेत हा ध्वनिमुद्रण स्टुडिओ, नाट्यगृहाची कल्पना आणि इतर कित्येक बेत मागे राहिले.

मृत्यूनंतर लोकस्मृतीने आपली निवड केली. बंगळुरातील असंख्य रिक्षांच्या मागच्या बाजूवर त्यांचे चित्र रंगवले गेले. रिक्षाथांब्यांना त्यांचे नाव मिळाले. रिक्षाचालकांच्या तोंडी ते शंकरण्णा झाले. ही निवड आदर्श नायकाची होती. दुसरी निवड संथपणे आकारास आली. अरुंधती नाग व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकेत न्यासाच्या द्वारे निधी जमवून २००४ साली शहराच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर येथे ‘रंग शंकर’ हे नाट्यगृह उभे केले. सत्तेचे पद सतत नाकारणाऱ्या जयप्रकाश नारायण यांचे नाव या वसाहतीस आहे. सुमारे तीनशे आसनांच्या या वास्तूत सोमवार वगळता रोज नाटक व्हावे, तिकीट सामान्यांस परवडावे आणि प्रयोग सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असे दंडक घालण्यात आले. कन्नडबरोबरच अनेक भारतीय भाषांतील नाटके तेथे होतात. नाट्यगृहात येणारा प्रेक्षक नायकाच्या हातून तयार न्याय घेऊन घरी जात नाही. ‘बॅरिस्टर’सारखे नाटक त्याला स्वतःकडे पाहावयास लावते.

या दोन स्मारकांपैकी खरे कोणते, हा प्रश्न व्यर्थ आहे. रिक्षावरील चित्र नसते, तर ज्या लोकप्रियतेच्या बळावर ‘ॲक्सिडेंट’ वा दळवींची नाटके प्रेक्षकांपर्यंत गेली ती लोकप्रियताही नसती. परंतु चित्रापुरतेच हे आयुष्य मर्यादित केले, तर आपल्या प्रतिमेला पुनःपुन्हा प्रश्न विचारणारा कलावंत हातून निसटतो. भारतीय भाषांतील लोकप्रिय कथेचा इतिहास लिहिताना आदर्श नायकाला बाजारू म्हणून वगळण्याची आणि अनिच्छुक नायकाला अभिजात म्हणून वेगळे काढण्याची सवय दृढ झालेली आहे. एकाच माणसाने, एकाच प्रेक्षकवर्गासमोर, एकाच दशकात ही दोन्ही रूपे उभी केली, याचा विचार केल्याशिवाय तो इतिहास पुरा होणार नाही.