पानं मोजायला लावणारे दाभोलकर सर

द्राक्षबागेत आधी काय मोजायचं असं विचारलं, तर दहापैकी नऊ जण घड म्हणतील. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर मात्र शेतकऱ्याला पानांकडे बघायला लावत. पाला जेवढं ऊन धरील तेवढंच वजन घडात उतरणार, हा त्यांचा साधा हिशेब. लातूर-नांदेडच्या बागायतदारांना हा हिशेब सांगलीकरांपेक्षा जास्त कामाचा आहे. आपल्याकडे पाणी कमी असलं तरी ऊन भरपूर आहे.

दाभोलकरांचा जन्म 1924 चा. घराणं साताऱ्याचं, भावंडं दहा. थोरले देवदत्त पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तर धाकटे डॉ. नरेंद्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामामुळे सगळ्यांना माहीत आहेत. श्रीपादरावांनी मात्र शेतीचा नाद घेतला. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठात ते गणित शिकवत. शेतीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ही अडचण न ठरता सोय ठरली असं मला वाटतं, कारण ठरलेलं सांगून मोकळं व्हायची सवय त्यांना लागली नाही.

1960 नंतरच्या काळात तासगाव भागात द्राक्षाच्या बागा उभ्या राहत होत्या. पीक नवं, खर्च मोठा, आणि विचारायचं कुणाला हा प्रश्न. दाभोलकरांनी तिथं शेतकऱ्यांनाच एकमेकांचे गुरू केलं. या मंडळींचं नाव प्रयोग परिवार. आपण काय केलं, किती केलं, कधी केलं आणि काय झालं, हे पोस्टकार्डावर लिहायचं आणि दुसऱ्याला कळवायचं. फसलेला प्रयोगसुद्धा लिहायचा. आज गावोगाव व्हॉट्सॲपचे गट आहेत, पण तिथं टपोऱ्या घडाचेच फोटो येतात. वांझ काडीचा फोटो टाकायला माणूस लाजतो, आणि शिकायचं तर तिथंच असतं.

आता बागेचं वर्ष बघा. द्राक्षाची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. माल फेब्रुवारी-मार्चला निघतो म्हणून सगळ्यांचं लक्ष ऑक्टोबरानंतर लागतं. फवारण्या, विरळणी, केवडा आणि भुरीची धास्ती, सगळं तेव्हाच. पण घड खरा ठरतो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात पुढच्या घडाची घडण होते. तेव्हा पानांना ऊन मिळालं नाही, पाल्याची गर्दी झाली, की डोळा वांझ राहतो. ऑक्टोबरात कितीही महागडं औषध मारा, डोळ्यात नसलेला घड बाहेर येत नाही. म्हणून नको त्या फुटी वेळेवर काढायच्या, काड्या मोकळ्या ठेवायच्या. छाटणीनंतर फूट वाढायला पाणी लागतंच. पुढं डोळे घडताना मात्र पाण्याचा आणि युरियाचा मारा नको, नाहीतर काडी नुसती पळत सुटते. फळछाटणीनंतर एका घडामागं साधारण 12 ते 15 निरोगी पानं धरावीत. पानं कमी असतील तर घड कमी करावेत. हे करताना हात थरथरतो, खरं आहे.

आपली गोम इथंच आहे. घड ठरायचा महिना आणि विहीर तळाला जायचा महिना एकच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते प्यायला. माणसाला पाणी नाही तिथं वेलीला कुठून मिळणार? अशा वर्षी बाग सरसकट जगवण्याच्या हट्टापायी सगळीच अर्धपोटी ठेवण्यापेक्षा पाण्याच्या मापानं क्षेत्र कमी धरलेलं बरं. दाभोलकरांचा भरही त्यावरच होता. ते एकरांऐवजी गुंठ्यांत बोलत. पालापाचोळा जाळू नका, मुळाशी परत द्या, जमीन झाकून ठेवा, पांढरी मुळी जिवंत ठेवा, हे ते पुनःपुन्हा सांगत. ओल टिकवायचा याहून स्वस्त उपाय अजून तरी नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पाच माणसांचं कुटुंब 10 गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, चांगलं जगू शकतं अशी त्यांची मांडणी होती. त्याला घरच्या माणसांचे रोजचे हात लागतात आणि थोडं का होईना, खात्रीचं पाणी लागतं. शाळा-दवाखान्याचा खर्च धरला तर कोरडवाहू गड्याला हे गणित अवघड जातं. पण 10 गुंठ्यांचा तुकडा तरी मन लावून, वहीत नोंद ठेवून करावा, याला अडचण कसली? आणि ती वही तलाठ्याला किंवा बँकेला दाखवायची नसते, शेजाऱ्याला दाखवायची असते.

1985 मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. विपुलाच सृष्टी या पुस्तकात त्यांचे विचार वाचायला मिळतात. 2001 मध्ये ते गेले.

अर्धापूरकडच्या केळीवाल्यांनाही हेच मोजमाप लावता येतं. निसवणीच्या वेळी झाडावर निदान आठ-दहा निरोगी पानं हवीत. करप्यानं ती चार-पाचावर आली असतील, तर घडाच्या वजनाचा अंदाज तिथंच करून ठेवावा, व्यापारी दारात यायच्या आधी.