जॉर्ज लमेत्र

रात्रीचे आकाश आपणांस अचल व अनादि वाटते. परंतु विश्व स्थिर नसून ते सतत प्रसरण पावत आहे, हे गणिताच्या आधारे दाखविणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत जॉर्ज लमेत्र यांची गणना होते.

त्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. ते लूव्हेन विद्यापीठात शिकत असतानाच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. मायभूमीवरील संकट पाहून त्यांनी पुस्तके मिटली व ते सैन्यात दाखल झाले. युद्धानंतर त्यांनी गणिताची व भौतिकशास्त्राची कास धरली. १९२३ साली ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले. तथापि त्यांची ज्ञानसाधना खंडित झाली नाही.

दूरच्या तारकासमूहांचा, म्हणजे दीर्घिकांचा, प्रकाश तांबड्या रंगाकडे झुकलेला आढळतो. अवकाशच ताणले जात असल्यामुळे दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत, असा त्याचा अर्थ लमेत्र यांनी १९२७ साली मांडला. त्यांची गणिते आइन्स्टाइन यांच्याच सिद्धांतावर आधारलेली होती. परंतु त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे भेट झाली, तेव्हा आइन्स्टाइन यांनी गणित मान्य करूनही ही कल्पना साफ नाकारली. एखाद्याचा धीर खचला असता. लमेत्र यांनी मात्र आपले कार्य चालूच ठेवले. १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी त्यांच्या मताला बळकटी आली आणि पुढे आइन्स्टाइन यांनीही विश्वाचे प्रसरण मान्य केले.

विश्व आज पसरत आहे, तर पूर्वी ते लहान असले पाहिजे. म्हणून १९३१ साली, सूक्ष्म कणांचे नियम सांगणाऱ्या पुंजसिद्धांताचा आधार घेऊन, सारे विश्व एका आद्य अणूपासून निर्माण झाले असावे, असे त्यांनी सुचविले. गुरुत्वाकर्षण व पुंजसिद्धांत यांची पूर्ण सांगड शास्त्रज्ञांना आजही घालता आलेली नाही.

काहींना या कल्पनेत धर्माचे प्रमाण दिसू लागले. ते स्वतः धर्मोपदेशक असूनही लमेत्र यांना हे रुचले नाही. शास्त्रीय मताची कसोटी निरीक्षणानेच लागावी, अशी त्यांची धारणा होती.

ती कसोटीही लागली. विश्व एके काळी अत्यंत तप्त होते, याची खूण सांगणारे मंद प्रारण १९६४ साली अमेरिकेत आढळले. ही वार्ता लमेत्र यांना रुग्णशय्येवर कळली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. थोरांनी नाकारले म्हणून सत्य मावळत नाही. मात्र त्यासाठी निष्ठेने श्रमावे लागते व धीराने वाट पाहावी लागते.