विश्लेषण : बोरघाटाचा अभियंता आणि कोसळलेला पूल, जेम्स बर्कली यांच्या कामातून रेल्वे काय शिकली?

बुलडाणा तालुक्यातल्या देऊळघाटच्या माणसाला मुंबईची रेल्वे पकडायची असेल, तर आधी बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. मलकापूरवरून जाणारा हा लोहमार्ग 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे' अर्थात 'जीआयपी' कंपनीने टाकला. या कंपनीचे पहिले मुख्य अभियंता होते जेम्स जॉन बर्कली. त्यांनी आखलेल्या बोरघाटातून आजही मुंबई-पुणे गाड्या धावतात. याच घाटातल्या एका अपयशाने रेल्वेला मोठा धडा दिला.

बर्कली कोण होते?

बर्कली यांचा जन्म १८१९ मध्ये लंडनमध्ये झाला. तरुणपणीच ते नामवंत रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली कामाला लागले. १८४७ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे स्टीफन्सन यांनी बांधलेला डी नदीवरील पूल गाडी जात असताना मोडला आणि पाच जणांचा जीव गेला. पुलाच्या तुळया ओतीव लोखंडाच्या होत्या. हे लोखंड दाब सोसते, पण ताण पडला की अचानक तुटते. गुरूच्या हातूनही चूक होऊ शकते, हे त्या पिढीतील अभियंत्यांनी तेव्हा पाहिले.

भारतात काय केले?

स्टीफन्सन यांच्या शिफारशीवरून बर्कली १८५० च्या सुरुवातीला मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. पण देशावर जायचे तर समोर सह्याद्री उभा होता.

बोरघाट इतका अवघड का होता?

सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात गाडीला जवळपास ५५८ मीटर उंची चढायची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. वाटेत २५ बोगदे आणि आठ मोठे पूल. एका ठिकाणी डोंगर इतका उभा होता की वळण घ्यायलाही जागा नव्हती. तिथे बर्कली यांनी 'रिव्हर्सिंग स्टेशन' आखले. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची.

१८५६ मध्ये काम सुरू झाले. पावसाळ्यात ते जवळजवळ ठप्प व्हायचे, कॉलरा मजुरांचे बळी घ्यायचा. १८५९ मध्ये मजुरी थकल्याने दंगल उसळली आणि आधीच्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते.

बर्कली यांची प्रकृतीही ढासळली. १८६१ मध्ये ते मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला, तेव्हा तो पाहायला ते हयात नव्हते.

मग चुकले कुठे?

१९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, घाटातला 'मऊ की मल्ली' हा दगडी कमानींचा पूल कोसळला. बांधून त्याला जेमतेम काही वर्षे झाली होती. दोष दिसला तो बांधकामात. दर्शनी दगड नीट घडवलेला, पण खांबांच्या आतली भरणी आणि चुना कमकुवत. बाहेरून भक्कम दिसणारे काम आतून पोकळ निघाले.

पाठोपाठ जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी आवरली गेली नाही. ती रिव्हर्सिंग स्टेशनवर न थांबता पुढे गेली आणि अपघात झाला. ब्रेकने दगा दिला तर गाडी थांबवायला तिथे दुसरा उपाय पुरेसा नव्हता.

यातून काय शिकलो?

पहिला धडा देखरेखीचा. नकाशा कितीही चोख असला तरी भिंतीच्या आत काय भरले जाते, हे भरतानाच तपासावे लागते. नंतर ते झाकले जाते.

दुसरा धडा, एकाच उपायावर विसंबू नये. आज घाट उतरताना गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेकची खातरजमा करतात. गाडी आवरली नाहीच, तर तिला चढावर नेऊन थांबवणारे 'कॅच सायडिंग' असते. गाडी थांबल्याशिवाय मुख्य मार्गाचा रस्ता तिला मिळत नाही. रिव्हर्सिंग स्टेशनही १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे इतिहासजमा झाले.

तिसरा धडा जबाबदारीचा. आखणी एकाची, कंत्राट दुसऱ्याचे, मजुरी तिसऱ्याची, अशी कामाची विभागणी झाली की दोष नेमका कुणाचा, हे पूल पडल्यावरच विचारले जाते. बर्कली यांची आखणी दीडशेहून अधिक वर्षे टिकली. पूल मात्र चार वर्षांत पडला. राजूर घाटातला रस्ता असो वा गावच्या ओढ्यावरचा पूल, वरचा गिलावा पाहून कामाची परीक्षा होत नाही.